आसनाचं माप आधी विचार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फोटोत दिसते तशी खाकी पँट, नवीच शिवलेली पण बेत, म्हणजे कापड कापण्याची पद्धत, जुना, आणि तीही परवडेल अशा किमतीत कुठे मिळेल, असं तू विचारलं आहेस. नुसतं 'कुठे' सांगायचं तर दोन ओळी पुरतील. पण तेवढ्यावर तू पँट मागवलीस तर माझं झालं तेच तुझंही होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी पहिली पँट मी जाहिरातीतल्या 'हुबेहूब' या शब्दावर विसंबून घेतली. कापड जाड ट्विलचं, म्हणजे तिरकस विणीचं होतं, रंग बरोबर होता, पुढे चेनऐवजी बटणं होती, आतल्या बाजूला जुन्या लष्करी कंत्राटासारखं लेबलसुद्धा शिवलेलं होतं. अंगात घातली आणि आरशात बघितलं, तर ऑफिसला घालतात तसलीच पँट, फक्त खाकी. काय चुकतंय ते काही दिवस कळेना. शेवटी टेप घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. तिचं पुढचं आसन साडेनऊ इंच होतं.

दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे आसन. पुढचं वेगळं मोजायचं, मागचं वेगळं. त्या काळातल्या अमेरिकन खाकी पँटचं पुढचं आसन 12 इंचांच्या आसपास असतं आणि मागचं त्याहून बरंच जास्त. त्यामुळे पँट बेंबीपाशी, खऱ्या कमरेवर बसते. तिथून कापड सीटवरून मोकळं खाली येतं, मांडीला कुठेही चिकटत नाही आणि मोहरीपर्यंत जवळजवळ सरळ उतरतं. फोटोतल्या त्या माणसांचे पाय लांब दिसतात, उभं राहणं ऐटीत वाटतं, ते सगळं त्या अडीच इंचांमुळे. कापड कितीही अस्सल असो, हे अडीच इंच नसतील तर ती पँट ती नव्हेच.

हा बेत कोणी शोभेसाठी काढलेला नव्हता. सैनिकाला उकिडवं बसायचं असतं, ट्रकच्या पाठीवर चढायचं असतं, पोटावर सरपटायचं असतं. वाकल्यावर मागचं कापड ताणलं जातं, म्हणून मागचं आसन लांब ठेवायचं. ब्रिटिशांची 1938-39 च्या सुमारास आलेली 'बॅटलड्रेस' बघ. जाकीट कमरेपर्यंतच आखूड, त्यामुळे पँट वर चढलेली असल्याशिवाय पाठ उघडी पडणार. म्हणून ती पँट खांद्यावरच्या गॅलिसांनी वर धरलेली असे. तिच्या डाव्या मांडीवरचा मोठा खिसा नकाशासाठी आणि उजवीकडे पुढचा छोटा खिसा जखमेवर बांधायच्या पट्टीसाठी. प्रत्येक टिपेला कारण आहे, आणि मला या कपड्यांची ओढ आहे ती त्यासाठीच.

आता पैशांचं. कंबर आत घेता येते, मोहरी अरुंद करता येते, लांबी कमी करता येते. आसन मात्र वाढवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं कापडच तिथे नसतं. मला हे पटायला दुसरी पँट जावी लागली. पहिलीचं आसन आखूड, तर दोन मापं मोठी घेऊन कंबर आत घ्यावी, असं मी ठरवलं. मापाबरोबर आसन वाढलं, पण अगदी थोडं, आणि कंबर आत घेतल्यावर मागचे दोन खिसे सरकत सरकत एकमेकांना चिकटले. ती पँट आजही घडी करून ठेवलेली आहे. तेव्हा पुरेसं आसन असलेलीच घे. बाकीचं शिंपी बघून घेईल.

बरेच विक्रेते आसनाचं माप देतच नाहीत. आधी लेखी विचार. उत्तर आलं नाही तर फोटोवरून काढता येतं. जमिनीवर सपाट पसरलेल्या पँटचा समोरून काढलेला फोटो शोध. कमरेचं खरं माप 34 असेल तर पसरलेल्या कमरपट्टीची रुंदी 17 इंच. पडद्यावर पट्टी लाव, कमरपट्टी किती सेंटिमीटर भरते आणि आसन किती भरतं ते मोज, आणि त्रैराशिक मांड. अर्ध्या इंचाची चूक होईल, पण साडेनऊ आणि बारा यांतला फरक लपणार नाही. एक सावधगिरी ठेव. लेबलवरचा आकडा आणि कमरपट्टीचं खरं माप हल्ली जुळेलच असं नाही. 34 लिहिलेली पँट 36 भरू शकते. म्हणून सपाट कमरेचं मोजलेलं माप मिळाल्याशिवाय हा हिशेब करू नकोस.

कापडाबद्दल तू बरंच विचारलंयस. मूळ खाकी पँटचं ट्विल चौरस वाराला 8.2 औंस वजनाचं असे. साधारण तेवढ्या वजनाचं, पूर्ण सुती आणि ताणलं न जाणारं कापड असलं की पुष्कळ झालं. इलॅस्टिकचा धागा मिसळलेलं कापड मात्र नको. ते गुडघ्याला आणि सीटला धरून बसतं आणि बेताची सगळी रेषा मोडते. रंगावर फार अडू नकोस. 'खाक' म्हणजे धूळ. 1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन यांनी उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्स या ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी पलटणीने मळकट धुळीच्या रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली, तिथून हा शब्द जगभरच्या सैन्यांत गेला, आणि धुळीचा रंग काही सगळीकडे एक नसतो. शिवाय दहा धुण्यांनंतर तो बदलतोच.

कापड आटणं हा खरा धोक्याचा भाग आहे. सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन संशोधकाने 1930 च्या सुमारास कापड कारखान्यातच आटवून घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तशा कापडाला सॅनफोराइज्ड म्हणतात आणि ते धुतल्यावर जवळजवळ आहे तेवढंच राहतं. जुन्याची नक्कल करणारे काहीजण मुद्दाम न आटवलेलं कापड वापरतात. माझी तिसरी पँट तशी होती. आल्या आल्या मी तिची लांबी कापून घेतली आणि पहिल्याच धुण्यात ती घोट्याच्या वर गेली. आसन, सीट, मांडी सगळं जसं हवं तसं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. तू काहीही घे, आधी दोनदा गरम पाण्यात भिजवून वाळव, आणि मगच शिंप्याकडे जा.

तुझ्यासाठी कोणता नमुना बरा, याचा मी बराच विचार केला. सायकलमुळे तुझ्या मांड्या भरलेल्या, कंबर बारीक. तुला हेरिंगबोन ट्विलची, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या विणीची, अमेरिकन फटीग पँट, म्हणजे सैनिकांची कामाची पँट, छान बसेल असं वाटतं. 1941 पासून अमेरिकन सैन्यात कामाचे कपडे या कापडाचे झाले, आणि नंतरच्या पँटना दोन्ही मांड्यांवर मोठे खिसे आले. सीट ऐसपैस असते. दुसरा पर्याय फ्रेंच सैन्याची एम-47 पँट. कमरेला दोन्ही बाजूंना आवळायच्या पट्ट्या, पुढची बटणं झाकलेली, घोट्यापाशी बटणांनी आवळता येणारी मोहरी. कमर आवळता येत असल्यामुळे मांडीच्या मापाने घ्यायची आणि वरून घट्ट करायची. तुझ्या बांध्याला हे सोयीचं आहे.

अमेरिकन सैन्याच्या एम-51 आणि एम-65 या पँटच्या मागे तू लागलेला दिसतोस. त्या पँट थंडीत दुसऱ्या कपड्यांवरून, आत अस्तर लावून घालण्यासाठी बेतलेल्या होत्या. तुझ्या मापाची घेतलीस तरी अंगावर लोंबेल. फोटोत जे आवडलं ते तिच्यात नाही, ती सोड.

ओजी-107 मात्र बघ. 1952 पासूनची ही अमेरिकन सैन्याची ऑलिव्ह रंगाची पँट, पुढे वरून लावलेले दोन चौकोनी खिसे, मागे झाकणाचे दोन, कापड 8.5 औंसाचं सुती सॅटीन. ती इतक्या प्रचंड संख्येने शिवली गेली, की वापरलेली अस्सल पँट अनेकदा चांगल्या नकलेपेक्षा स्वस्त पडते. आतल्या लेबलवर कंत्राटाचा क्रमांक असतो, त्यात 'डीएसए-100' पुढचे दोन आकडे बघायचे. 68 असेल तर कंत्राट 1968 च्या आर्थिक वर्षातलं. 1975 पासून आलेल्या ओजी-507 मध्ये निम्मं पॉलिएस्टर आहे. ती दिसायला सारखी, पण अंगावर वेगळी पडते.

कोणाकडून घ्यायची? जपानमधल्या तोयो एंटरप्राइझचा 'बझ रिक्सन्स' हा ब्रँड कापड, टीप, बटण सगळं मुळाबरहुकूम करतो. पण तू सांगितलेल्या रकमेत ते बसणार नाही. टेक्ससमधल्या क्रॉकेट गावात 1972 मध्ये सुरू झालेली 'स्टॅन रे' फटीग पँटसाठी चांगली आणि तुलनेने स्वस्त. चीनमधली 'ब्रॉन्सन' कमी पैशांत बरंच काही देते, मात्र मापाचा तक्ता बारकाईने वाच. आणि ज्यांच्याकडे फॅशनवाले फारसे फिरकत नाहीत ते म्हणजे युद्धप्रसंग पुन्हा उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी शिवणारे, उदाहरणार्थ 'व्हॉट प्राइस ग्लोरी'. त्यांचं गिऱ्हाईक मूळ पँट शेजारी ठेवून तुलना करणारं असतं, म्हणून आसन आखूड करण्याचा मोह तिथे कमी. टिपा थोड्या जाड, कापड सुरुवातीला कडक, पण बेत असतो. मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

सेल्व्हेजची, म्हणजे मागावरच पक्की विणलेली कड, जुन्यासारखं छापलेलं लेबल, खास बटणं यांसाठी जास्त पैसे मोजू नकोस. कड आतच राहते, लेबल कोणी बघत नाही, आणि बटणं तू घरी बसून बदलू शकतोस.

एक रस्ता अजून उरतो, आणि सध्या मी त्याच रस्त्यावर आहे. एक पार विरलेली, घालण्यापलीकडे गेलेली मूळ खाकी पँट मला मातीमोल भावात मिळाली. तिची शिवण न् शिवण मी स्वतः उसवली. पुढचा भाग, मागचा भाग, कमरपट्टी, बटणपट्टी, खिशांचे तुकडे, सगळे इस्त्री करून तपकिरी कागदावर उतरवले. मागच्या भागाची आसनाची रेषा किती तिरकी जाते ते तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. हल्लीच्या पँटचा कागद त्यावर ठेवला की दोन वेगळ्या माणसांसाठी काढलेत असं वाटतं. शिंप्याला ते कागद दिले, आटवून घेतलेलं ट्विल दिलं, आणि बजावून सांगितलं की सवयीने काही 'सुधारू' नका. कच्ची शिवून त्याने मला घालून बघायला बोलावलं. खाली उकिडवा बसलो, कुठेही ओढलं नाही. पक्की शिलाई या आठवड्यात होईल. कापड आणि शिलाई धरून खर्च तयार नकलेच्या निम्म्यावर आला.

ते कागद माझ्या मापाचे आहेत, तुला मांडीत कमी पडतील. म्हणून तुझी पाच मापं कळव. बेंबीपाशी कंबर, सीटचा सर्वांत भरलेला घेर, मांडी अगदी वरच्या बाजूला, पायाची आतली लांबी, आणि पुढून कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं पूर्ण माप. हे शेवटचं दुसऱ्या कोणाकडून घेऊ नकोस, स्वतःच घे, टेप सैल धरून, एकदा उभं राहून आणि एकदा खुर्चीवर बसून. दोन्ही आकडे लिही. पत्र आलं की मागचा भाग तुझ्यासाठी नव्याने आखतो आणि कागद गुंडाळी करून पाठवतो. तोवर ती एम-65 मागवू नकोस.

तुझा मित्र