‘तुम्ही खेळा, मी बघतो’ म्हणणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर धाडलं असतं तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून बिलांच्या गठ्ठ्यात खोचून टाकलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं किंवा दुकानाचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, जिना चढून वर, एवढं तुम्हाला ओळख पटायला पुरे.

मला अजून बोलताना भरून येतं, आणि तेही एका होम थिएटर रिसीव्हरवरून, म्हणजे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या एका डब्यावरून. घरातले म्हणतात, एवढं काय त्यात. पण त्या काही आठवड्यांत किती लोकांनी मला किती प्रकारे उडवून लावलं, ते मला ठाऊक आहे.

मी ५४ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. वह्या तपासून झाल्या की रात्री मी गाड्यांच्या शर्यती खेळते, एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेमिंग कन्सोलवर. मुलीने जर्मनीला शिकायला जाताना तिचा पीएस फाइव्ह हा दुसरा कन्सोल माझ्याकडे ठेवला, तोही चालू असतो. घरात पाच स्पीकर आणि एक वूफर जुनेच आहेत, उत्तम आहेत. नवीन टीव्ही आला, जुना रिसीव्हर ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं चित्र पुढे पाठवेना, म्हणून नवा घ्यायचा ठरला. मला पाच बाजूंनी आवाज लागतो तो चैन म्हणून नाही. मागून डावीकडून कुणी ओव्हरटेक करतंय हे मला आरशात दिसायच्या आधी मागच्या डाव्या स्पीकरमधून कळतं. आणि १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दिसत असताना, वळण घेताना गाडी हातात असल्यासारखी वाटते, ६० वर तशी वाटत नाही. हे मी गेली काही वर्षं रोज अनुभवतेय.

हे मी एका मोठ्या शोरूममध्ये याच शब्दांत सांगितलं होतं. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सर कधी येतील, मॅडम?’’ दुसरीकडे विचारलं गेलं, ‘‘मुलगा कुठले गेम खेळतो?’’ मी म्हटलं, मी खेळते. तो हसला आणि साउंडबारकडे घेऊन गेला. शेवटी त्या पहिल्या शोरूमनेच एक रिसीव्हर गळ्यात मारला. खोक्यावर ठळक ‘८के’, म्हणजे ४के पेक्षाही बारीक चित्र, वर ‘शेवटचा पीस, म्हणून सवलत’. घरी आणून जोडला. ६० हर्ट्झवर सगळं झकास. १२० केलं की टीव्ही काळाठिक्कर.

पुढचं तुम्हाला तोंडपाठ आहे. शोरूम म्हणालं टीव्ही बघा. टीव्हीचा माणूस म्हणाला केबल बदला. केबलवाला म्हणाला एक्सबॉक्समध्येच दोष असणार. मग शोरूमने त्यांच्याकडचा पीएस फाइव्ह त्याच मॉडेलला जोडून मला व्हिडिओ पाठवला: बघा, आमच्याकडे १२० चालतंय. खाली लिहिलं होतं, ‘६० वरच खेळा ना मॅडम, डोळ्यांना फरक कळत नाही.’ माझे डोळे, माझा खेळ, आणि फरक कळतो की नाही ते त्यांनी ठरवायचं! त्या एका ओळीचा राग अजून गेलेला नाही.

मग एका पालकांनी तुमचं दुकान सांगितलं. रिसीव्हर आणि एक्सबॉक्स दोन्ही पिशव्यांत घालून रिक्षाने आले. तुमच्यासमोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, पंख्याखाली कुणाचा तरी अ‍ॅम्प्लिफायर उघडून ठेवलेला. तुम्ही म्हणालात, ‘‘बसा ताई, यांचं आटपू द्या, मग निवांत बघू.’’ आणि खरंच निवांत बघितलंत.

मला सांगायचंय ते पुढचं. तुम्ही सगळं जोडलंत, एक्सबॉक्स चालू झाला, कंट्रोलर तुमच्या हातात होता. दुकानातला तो कॉलेजचा मुलगा मान उंचावून बघत होता, त्याला खेळायचंच होतं. तुम्ही खिशातला रुमाल काढलात, कंट्रोलरवर तुमच्या बोटांचं सोल्डरिंगचं काळं लागलं होतं ते पुसलंत, आणि तो माझ्या हातात दिलात. ‘‘तुम्ही खेळा, मी बघतो. कुठे अडतंय ते तुम्हाला कळणार, मला नाही.’’

एवढंच. तुम्हाला ते आठवतही नसेल. तोवर कुठल्याही दुकानात, कुठल्याही टेक्निशियनने तो कंट्रोलर मला दिला नव्हता. माझ्याच घरी आलेल्या माणसानेसुद्धा तो माझ्या हातून काढून घेतला होता, ‘‘द्या मॅडम, मी चेक करतो’’ म्हणत. तुम्ही माझ्या मागे उभे राहिलात आणि मी दोन वळणं खेळेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग १२० वर टाकलं, पडदा काळा झाला, आणि तुम्ही ‘‘हं’’ म्हणालात. त्या ‘हं’मध्ये मला पहिल्यांदा वाटलं की आपलं म्हणणं कुणाला तरी खरं वाटलंय.

त्यानंतर तुम्ही रिसीव्हर उलटा करून मागची पट्टी वाचलीत आणि म्हणालात, ‘‘२०२० चं मॉडेल.’’ मग जे सांगितलंत ते मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण सवलतीत किंवा सेकंड हँड रिसीव्हर घेणाऱ्या कुणाला तरी ते उपयोगी पडेल. एचडीएमआय २.१ हे चित्र-आवाज नेणाऱ्या जोडणीचं नवं मानक २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, नवे दोन्ही कन्सोल २०२० च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच वर्षी ‘८के’ लिहिलेले पहिले रिसीव्हर बाजारात आले आणि काही नामांकित कंपन्यांच्या मॉडेलांत एकाच प्रकारची सदोष चिप निघाली. जर्मनीतल्या ‘सी-टी’ मासिकाने ऑक्टोबरमध्येच ते उघडकीला आणलं होतं. एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के १२० हर्ट्झचं पूर्ण रंगाचं चित्र आलं की ती चिप गडबडते आणि पडदा काळा होतो. पीएस फाइव्ह मात्र त्याच रिसीव्हरमधून व्यवस्थित चालतो, कारण तो सेकंदाला ३२ गिगाबिट माहितीच्या वर जातच नाही, रंगाची माहिती कमी करून पाठवतो. म्हणजे शोरूमचा तो व्हिडिओ खराच होता आणि माझी तक्रारही खरीच होती. एका कंपनीने नंतर आतले बोर्ड बदलून दिले, दुसरीने मध्ये जोडायची छोटी डबी दिली. तीन-चार वर्षं गोदामात पडून राहिलेल्या खोक्याला यातलं काहीच मिळालेलं नव्हतं.

मी आकडे विचारल्यावर तुम्ही टाळलं नाहीत. बिलाच्या पाठीवर ३८४० गुणिले २१६० मांडलंत, त्याला सेकंदाला १२० ने गुणलंत, प्रत्येक ठिपक्याला ३० बिट धरलेत, आणि पेन माझ्याकडे सरकवलंत: ‘‘तुमचा विषय आहे, तुम्हीच करा.’’ जवळपास ३० गिगाबिट आले. पाठवण्याचा वरखर्च धरून ४० च्या घरात जातं म्हणालात. जुन्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८. तीस सेकंदांत मला कळलं की ‘८के’ या दोन अक्षरांनी काहीच सिद्ध होत नाही. कुठला रिसीव्हर २४ गिगाबिट घेतो, कुठला ४०. त्यातही मागच्या सहा-सात इनपुटपैकी बऱ्याचदा दोन-तीनच तेवढ्या ताकदीची असतात, बाकीची सेट-टॉप बॉक्सपुरती. हा आकडा खोक्यावर नसतो, मॅन्युअलमध्ये असतो. शोरूममध्ये मला वॉटचे आकडे ऐकवले होते, अकराशे म्हणे. तुम्ही सांगितलंत की एकच स्पीकर चालवून, एकाच सुरावर, १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला वॉट वेगळा. दोन चॅनेल एकदम, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, शून्य पूर्णांक शून्यने सुरू होणाऱ्या विकृतीवर मोजलेला वॉट वेगळा. दुसरा आकडा विचारायचा. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? विकायला पहिलाच सोपा पडतो म्हणून.

मी नवा रिसीव्हर घ्यायच्या तयारीने आले होते, चेकबुक पर्समध्ये होतं. तुम्ही विचारलंत, ‘‘टीव्हीच्या मागचा फोटो आहे का?’’ माझ्या मोबाइलवर होता, टीव्ही भिंतीवर लावताना काढलेला. तुम्ही तो मोठा करून बघितलात. चार एचडीएमआय, त्यातली तिसरी आणि चौथीच १२० हर्ट्झची, आणि तिसऱ्यावरच ई-आर्क. ‘‘एक्सबॉक्स थेट चौथ्यात लावा,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘चित्र रिसीव्हरच्या पोटातून जायलाच नको. आवाज टीव्हीकडून ई-आर्कने उलटा रिसीव्हरला येईल, पाचही स्पीकरचा, न दाबलेला. मुलीचा पीएस फाइव्ह रिसीव्हरमध्ये लावा, तिथून तिसऱ्यात. त्याला ही चिप त्रास देत नाही.’’

दोन्ही कन्सोल १२० वर, आवाज सगळीकडून, आणि रिसीव्हर तोच. सगळ्या टीव्हीवाल्यांना, टेक्निशियनांना, शोरूमना जे सुचलं नाही ते तुम्हाला फोटो बघून मिनिटभरात सुचलं. एक्सबॉक्समध्ये आवाज अनकॉम्प्रेस्ड ठेवा, डॉल्बीत पॅक करायला लावलं तर किंचित उशीर होतो आणि शर्यतीत तो जाणवतो, हेही जाताना आठवणीने सांगितलंत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या दोन पोर्टांना पूर्ण बँडविड्थ चालू करायची असते, तेही. केबल एकच घ्यायला लावलीत, ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं स्कॅन करता येणारं लेबल असलेली, आणि ते लेबल माझ्याकडून माझ्या मोबाइलवर स्कॅन करवून घेतलंत.

आणि पुढे कधी नवा घ्यावासा वाटला तर काय बघायचं, तेही बोलण्याच्या ओघात सांगून टाकलंत. मी ते घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं. ४० गिगाबिटची इनपुट किती, व्हीआरआर, म्हणजे खेळाच्या वेगाप्रमाणे हर्ट्झ बदलणारं चित्र, न अडखळता पुढे जातं का, आपल्या खोलीला पाच स्पीकर पुरे असतील तर अकरा चॅनेलचे पैसे भरू नका, आणि दुकानात आपलाच कन्सोल नेऊन आपणच खेळून बघा. शेवटचं वाक्य तुम्ही अगदी सहज म्हणालात, माझ्या मनात ते सगळ्यात वर आहे.

दादा, चांगला माणूस भेटला की आपण ‘देवासारखा धावून आला’ म्हणतो. मला तसं म्हणायचं नाही. तुम्ही धावलाही नाहीत, उपकारही केले नाहीत. समोरच्याचं म्हणणं खरं असू शकतं, एवढं धरून तुम्ही कामाला लागलात. शाळेत मी हेच बघते. एखादी मुलगी म्हणते, बाई, हे उत्तर चुकतंय. निम्म्या वेळा पुस्तकातलं उत्तर चुकलेलं असतं. तिला ‘तुलाच येत नाही’ म्हटलं की ती पुन्हा हात वर करत नाही. त्या आठवड्यांत माझंही तसंच व्हायला लागलं होतं. मी ६० वर खेळायला लागले होते, कमी खेळायला लागले होते, आणि कुणाला सांगायचं सोडून दिलं होतं.

आमच्या वयाच्या कितीतरी बायका खेळतात. मोबाइलवर, मुलांच्या जुन्या कन्सोलवर, रात्री सगळं आवरल्यावर. त्या दुकानात गेल्या की मुलाचं नाव पुढे करतात, कारण स्वतःसाठी म्हटलं की समोरचा हसतो. त्यांना मी आता तुमच्याकडे पाठवणार आहे, एकेकीला. सांगणार आहे, तिथे कंट्रोलर तुमच्या हातात देतात.

त्या दिवशी तुम्ही केबलचेच पैसे घेतलेत. तपासणीचे विचारले तर ‘‘तपासलं तुम्ही, मी बघत होतो’’ म्हणालात. ते पैसे घेऊन मी पुन्हा येणार आहे, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही. त्या कॉलेजच्या मुलालाही एक डाव खेळायला द्यायचाय, बिचाऱ्याचा हिरमोड झाला होता.

आणि हो, मी निघताना तुम्ही म्हणाला होतात की पीएस फाइव्हच्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत काय दिसतं ते कळवा. काल खास बघितलं. ३८४० बाय २१६०, १२० हर्ट्झ, रंग ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती कमी केलेली. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

तुमची,
गणिताची ताई