लसीनंतरच्या अर्ध्या तासात बाळाशी बोलण्याविषयीही सांगावे

महोदय,

तासगाव तालुक्यात अठ्ठावीस वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. गेल्या महिन्यात नातीला लसीकरणासाठी घेऊन गेले, तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या निम्म्याहून अधिक बाळांपुढे मोबाईलवर गाणी चालू होती. शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाने मात्र भिंतीवरच्या पालीकडे बोट केले आणि वळून आजीच्या तोंडाकडे पाहिले. आजी त्या बोटाच्या रोखाने बघत म्हणाली, "पाल व्हय रं? पाल हाय ती." बाळाने पुन्हा पालीकडे पाहिले, पुन्हा आजीकडे. शब्द असाच रुजतो. दोघांची नजर एकाच गोष्टीवर असताना.

मोबाईलला बाळाचे बोट दिसत नाही. बाळे भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा समोर बसून खेळली-बोलली, तेव्हा इंग्रजीत नसलेले चिनी ध्वनी त्या बाळांना वेगळे ओळखता येऊ लागले; तेच बोलणे पडद्यावर पाहिलेल्या किंवा नुसते ऐकलेल्या बाळांना ते जमले नाही. आपल्या 'ट' आणि 'त'मधला फरकही इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळाला कळतो आणि वर्षाचे होईतो बहुतेक पुसला जातो, हे १९८४ मध्येच दाखवले गेले आहे. हे वय किती मोलाचे आहे, ते यावरून ध्यानात यावे.

आयांना दोष देण्याचा माझा हेतू मुळीच नाही. छाटणीच्या दिवसांत सकाळी द्राक्षबागेत गेलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे बसते, तेव्हा मूल रडू नये म्हणून मोबाईल देते. वर्षाखालील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, पण तिच्यापर्यंत ते पोहोचवले कोणी? मीसुद्धा वजन आणि लस काटेकोर नोंदवली, परंतु बाळाशी दिवसभर कोण बोलते, हे क्वचितच विचारले. याची मला आज खंत वाटते.

लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून घेतात. जिल्ह्यातील आरोग्य व बालविकास यंत्रणेने त्या वेळात भाकरी थापताना, अंघोळ घालताना बाळाशी कसे बोलावे आणि ते हुंकारले की थांबून त्याला प्रतिसाद कसा द्यावा, हे प्रत्यक्ष करून दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या वेळी आजीलाही आवर्जून बोलवावे, कारण बागेच्या हंगामात बाळ दिवसभर तिच्याचपाशी असते.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. तासगाव, जि. सांगली