परवाना देतानाच देशी उद्योगाचा वाटा ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रातील तेल-वायू ब्लॉकांच्या बोलीफेरीची बातमी आली की चर्चा दोनच गोष्टींची होते: किती चौरस किलोमीटर क्षेत्र दिले आणि महसुलातला किती वाटा सरकारला मिळणार. तिथे पुढची वीस-तीस वर्षे जे काम चालेल ते कोणाच्या यार्डात (बांधणीच्या आवारात) होणार, हे कोणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी समुद्रात तेल काढण्यासाठी उभारतात त्या प्लॅटफॉर्मच्या फॅब्रिकेशनमध्ये (पोलादी बांधणीत) वेल्डिंग तपासण्यात गेली. मला हा प्रश्न महसुलाइतकाच मोठा वाटतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. २०१७ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सरकारी तेल कंपन्यांच्या खरेदीसाठी लोकल कंटेंटवर, म्हणजे मालातल्या देशी वाट्यावर, आधारित पसंतीचे धोरण आणले. त्याच वर्षी केंद्राचा ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेशही निघाला. ५० टक्के किंवा त्याहून जास्त देशी मूल्य असलेला पुरवठादार त्यात पहिल्या वर्गात धरतात, आणि त्याचा दर एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या, २० टक्क्यांच्या आत असेल तर एल-वनच्या दराने काम घेण्याची संधी त्याला मिळते. चांगलीच तरतूद आहे. पण ती लागू होते टेंडर भरल्यावर, आणि देशी वाटा हातातून जातो तो त्याच्या कितीतरी आधी.

प्लॅटफॉर्मचे मूळ डिझाइन ज्या सल्लागाराकडे जाते, तो आपल्या सवयीचे व्हॉल्व्ह, पंप आणि कंट्रोल सिस्टिम धरूनच स्पेक (तांत्रिक तपशील) लिहितो. सोबत मान्यताप्राप्त व्हेंडरांची यादी जोडतो. मग टेंडरमध्ये अट येते की गेल्या सात वर्षांत असेच, एवढ्याच खोलीवरचे काम केलेले असावे. काम नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून काम नाही. देशी कंपनी तांत्रिक छाननीतच बाद झाली, तर तिच्या दराचे पाकीट उघडतच नाही. मग त्या २० टक्क्यांचा तिला काय उपयोग?

कामाचा अनुभव म्हणजे कागदावरचा शेरा नव्हे. जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या समुद्रातल्या पोलादी सांगाड्याच्या, नोडवर तीन-चार नळ्या तिरक्या येऊन एका जाड नळीला मिळतात. तिथला जोड घालणाऱ्या वेल्डरला सिक्स-जीआर नावाची अवघड चाचणी द्यावी लागते. नळी ४५ अंशांत तिरकी, पक्की बांधलेली. जोडाला अगदी खेटून लोखंडी कडे, म्हणजे टॉर्च वळवायलाही जागा नाही. नळी फिरवायची नाही, वेल्डरनेच तिच्याभोवती फिरून जोड पुरा करायचा. नंतर तो कापून आणि वाकवून तपासतात. असा हात तयार व्हायला वर्षे लागतात. यार्डात काम थांबले की तोच माणूस आखातात जातो, आणि पुढच्या टेंडरच्या वेळी आपल्याकडे ‘कुशल मनुष्यबळ नाही’ असा शेरा पडतो.

मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले ते ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगने. तेव्हा असे काही बांधण्याचे कसब आपल्याकडे नव्हते. पुढे ओएनजीसीने माझगाव डॉकला वेलहेड प्लॅटफॉर्मची (विहिरींच्या तोंडावरच्या प्लॅटफॉर्मची) कामे दिली, नंतर हाजिऱ्यात लार्सन अँड टुब्रोचे यार्ड उभे राहिले. आधी काम मिळाले, म्हणून कसब आले.

नॉर्वेने हे फार लवकर ओळखले. तिथल्या समुद्रातला एकोफिस्कचा मोठा तेलसाठा १९६९ मध्ये हाती लागला. १९७२ च्या आदेशात लिहिले गेले की दर्जा, सेवा, मुदत आणि किंमत यांत टिकणारा नॉर्वेजियन माल असेल तर तो घ्यावा. बोलीदारांची यादी टेंडरआधी मंत्रालयाकडे जाई आणि तिथले अधिकारी तीत देशी कंपन्यांची नावे घालू शकत. १९७९ च्या चौथ्या परवाना फेरीपासून तर देशात संशोधन करणाऱ्या परदेशी कंपन्यांचे पारडे परवान्यासाठी जड होऊ लागले. ब्रिटननेही १९७३ मध्ये पुरवठादारांसाठी वेगळे कार्यालय काढून कंपन्यांकडून तिमाही हिशेब घेतला; फक्त परदेशी कंपनीची स्थानिक शाखाही तिथे ब्रिटिश म्हणून मोजली जाई, आणि आकडा फुगत गेला. मोजणीची ही चूक आपण टाळलीच पाहिजे.

मोठ्या टक्केवारीचा आग्रह मात्र मी धरणार नाही. ब्राझीलने तो धरला होता. ड्रिलशिप (समुद्रात विहिरी खणणारी जहाजे) देशातच बांधण्यासाठी २०१० मध्ये ‘सेते ब्राझील’ ही कंपनी काढली. ती २०१६ मध्ये दिवाळखोरी संरक्षणात गेली. पुढच्याच वर्षी अटी खाली आल्या: शोधकामासाठी १८ टक्के, विहिरींसाठी २५ टक्के. यार्ड तयार नसताना लिहिलेला आकडा शेवटी दंड, सवलतीचे अर्ज आणि उशीर यांतच संपतो.

आपल्या ओएएलपी फेऱ्यांत, म्हणजे तेल-वायू ब्लॉकांच्या सध्याच्या बोलीफेऱ्यांत, गुण मिळतात ते कामाच्या कार्यक्रमाला आणि महसूल वाट्याला. करारात देशी मालाला पसंती देण्याचे कलम असते, पण परवाना कोणाला द्यायचा हे ठरवताना देशी खरेदीला एकही गुण नाही. शिवाय सरकारी खरेदीचे पसंती धोरण खासगी आणि परदेशी कंपन्यांना बांधील नाही. तेलक्षेत्रांच्या १९४८ च्या कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली ती गुंतवणूकदाराला स्थैर्य मिळावे म्हणून. ते मिळावेच. पण बदल्यात आपण काहीच का मागू नये?

माझी मागणी साधी आहे. ब्लॉकसाठी बोली लावतानाच कंपनीने मूळ डिझाइन कुठे करणार, कोणती कामे कधी काढणार, याचा आराखडा द्यावा आणि तेल-वायू क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाने तो सर्वांसाठी खुला करावा. लहान कारखान्याला ही माहिती दोन वर्षे आधी मिळाली तर तो प्रमाणपत्रे घेईल, मशिनरी आणेल, माणसे तयार करील. मोठ्या टेंडरआधी बोलीदारांची यादी महासंचालनालयाकडे यावी आणि पात्र देशी कंपनीचे नाव तीत घालण्याचा अधिकार त्याला असावा. किमतीत सूट नको, दर्जात तर नकोच. अनुभवाची अट मात्र कामाचे भाग पाडून लावावी: जॅकेट बांधलेल्या यार्डाला डेकच्या (वरच्या मजल्याच्या) कामातून केवळ खोलीच्या अटीवर बाद करू नये. आणि पुढच्या फेरीची कागदपत्रे निघण्याआधी मंत्रालयाने यार्ड, व्हॉल्व्ह-पंप कारखानदार आणि डायव्हिंग कंत्राटदार यांना एकदा समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकावे.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग निरीक्षक