आप्पांचं धाकटं परत आणून देणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. कुठल्या देशात राहता, बाई आहात की पुरुष, तेही नाही. ऑनलाइन फुटबॉल गेममधल्या तुमच्या टोपणनावापुढे मॉडरेटरची, म्हणजे गेमवर देखरेख करणाऱ्याची, निळी खूण आहे आणि हे काम तुम्ही विनामोबदला करता, एवढंच कळलं. इंग्रजीत चार ओळी लिहून आभार मानले तेव्हा मन भरलं नाही. म्हणून हे मराठीत. तुम्हाला वाचता येणार नाही, पण मराठीशी तुमचं काय नातं जुळलंय ते पुढे सांगतेच.

आमचे आप्पा कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. उद्यमनगरात फाउंड्रीत नोकरी आणि पेठेच्या तालमीकडून लेफ्ट बॅक. आमच्या गावात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की घरात स्वयंपाक लवकर उरकतो. रिटायर झाल्यावर गुडघ्यांनी मैदान सोडायला लावलं, तेव्हा मी त्यांना हा मॅनेजर होऊन फुटबॉल क्लब चालवायचा गेम लावून दिला. आठ वर्षं झाली. सकाळी चहा, पेपर आणि मग क्लब. पगार, तिकिटाचे दर, सराव, सगळा हिशेब त्यांच्या जुन्या डायरीत.

धाकटं म्हणजे त्यांच्या अकादमीतून वर आलेलं पोरगं. गेमने त्याला दिलेलं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. पंधराव्या वर्षापासून ‘धाकटं’च. डाव्या पायाचं, आप्पांसारखंच.

मार्चमध्ये आप्पांची बायपास झाली. तेवीस दिवस दवाखान्यात. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी स्टेडियम वाढवायला काढलं होतं, त्यामुळे क्लबच्या खात्यात खडखडाट. दर आठवड्याला पगार वजा होत गेले, खातं मर्यादेपलीकडे उणे गेलं आणि गेमने नियमाप्रमाणे सगळ्यात महाग खेळाडू स्वतःच लिलावात काढला. माझ्या ते गावीही नव्हतं. मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर होते.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. खऱ्या फुटबॉलातही हेच होतं. लीड्स युनायटेडची गोष्ट आप्पांनीच मला सांगितली होती. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत खेळलेला क्लब. कर्ज डोईजड झालं आणि २००२ मध्ये रिओ फर्डिनंड मँचेस्टर युनायटेडला गेला, २००३ च्या जानेवारीत वूडगेट न्यूकॅसलला. एकेक करून घर रिकामं झालं आणि २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली. देणं असेल तर विकावं लागतं, हे फाउंड्रीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण विकण्याआधी दाराशी येऊन सांगावं लागतं. लिलावाआधी दोन नोटिसा पाठवायच्या हा गेमचाच नियम आहे. आप्पांना एकही आली नाही.

मी हे गेमवाल्यांना तीन वेळा लिहून कळवलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट तेच : लिलाव नियमानुसार झाला आहे, व्यवहार अंतिम आहे. तिसऱ्या वेळी मी दवाखान्याचं कार्डसुद्धा जोडलं होतं. ते कुणी उघडून पाहिलं असेल असं वाटत नाही. ओळखीतल्या एकाने तर ‘गेमच आहे ना, नवीन खेळाडू घ्या’ म्हणून मोकळं केलं. त्या दिवशी आप्पांनी शुद्धीवर येऊन माझ्याशी बोललेलं दुसरं वाक्य होतं, “धाकटं खेळतंय न्हवं?” मी हो म्हटलं. वडिलांशी इतकं सरळ खोटं मी आजवर बोलले नव्हते.

मग चौथा अर्ज तुमच्याकडे आला. तुम्ही नोंदी उघडल्यात, नोटिसा गेल्याच नव्हत्या हे तुम्हाला दिसलं आणि तुम्ही तसं स्पष्ट लिहिलंत. व्यवहार रद्द झाला. धाकट्याला घेणाऱ्या मॅनेजरला त्याचा पैसा पुरता परत मिळाला, हे तुम्ही आवर्जून पाहिलंत. कर्ज मात्र माफ केलं नाहीत. दोन खेळाडू बाजारात काढून ते फेडावं लागेल, म्हणालात. ते मला फार बरं वाटलं. उपकार म्हणून काही मिळालं असतं तर आप्पांनी ते ठेवून घेतलं नसतं.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

खेळाडू क्लब सोडतो तेव्हा त्याच्या पानावर मॅनेजरने लिहिलेली टीप पुसली जाते. धाकट्याच्या पानावर आप्पांची चार ओळींची टीप होती : ‘डावखुरा. घाई करू नये. दुसऱ्या हाफला सोडावे. पावसात नको, घोटा कच्चा आहे.’ खेळाडू परत आला की टीप आपोआप येत नाही. ती परत आणा असं मी मागितलंही नव्हतं. तुम्ही ती जुन्या नोंदीच्या चित्रातून बघून, एकेक अक्षर शोधून, पुन्हा लिहिलीत. खाली मला निरोप ठेवलात : ही लिपी मला येत नाही, तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर माझ्याकडून नीट जमलेलं दिसत नाही, कृपया तपासा.

मी तपासलं. ‘दुसऱ्या’चं ‘दुसया’ झालं होतं. तो अर्धा र मराठीतल्या लोकांनाही टाइप करताना छळतो. तो तुम्हाला काय म्हणून सापडावा? पण काहीतरी सुटलंय एवढं तुमच्या नजरेला दिसलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, ते त्या एका अक्षरापायी.

आप्पांना घरी आणल्यावर सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी तरुणपणीची एक मॅच सांगितली. समोरच्या पेठेच्या पोराशी टक्कर होऊन त्यांचा घोटा मोडला होता. दोन पेठांमध्ये तेव्हा बोलाचालीही नसायची. त्याच संध्याकाळी तो पोरगा आप्पांचे बूट धुऊन, पुसून, नाड्या ओवून घरी घेऊन आला. आजीने त्याला चहा दिला, तो उभ्याउभ्या प्यायला आणि गेला. “त्याला कुणी सांगितलं नव्हतं,” आप्पा म्हणाले, आणि परत तुमचा निरोप वाचायला लावला. अशी माणसं आमच्या पेठेबाहेरही असतात, हे त्यांना या वयात तुमच्यामुळे दिसलं. मलाही.

टीप दुरुस्त करायला मी कीबोर्ड उघडला तर त्यांनी हात धरला. ‘दुसया’ तसंच आहे.

कर्ज फिटलं. दोन स्ट्रायकर गेले, त्यातला एक आप्पांच्या आवडीचा होता. डॉक्टरांनी स्क्रीनसमोर रोज अर्ध्या तासाची मुभा दिलीय, ती सगळी क्लबवर खर्च होते. रविवारी गेममध्ये पाऊस होता. धाकट्याला बाकावरच बसवलं.

तुमची ऋणी,
आप्पांची मुलगी, कोल्हापूर