‘बारा महिन्यांत परिचारिका’ : मोजणी कुठून सुरू करायची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत अमेरिकेतील वेगवान नर्सिंग पदवीबद्दल अलीकडे जो मजकूर आला, त्यात दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या पदवीधराला तेथे अकरा-बारा महिन्यांत परिचारिका होता येते, असे म्हटले होते. हे विधान खोटे नाही. परंतु ज्या घरांमध्ये ते वाचले जाते त्यांच्यासाठी ते फार अपुरे आहे, आणि त्यावर विसंबून घेतलेल्या निर्णयात पन्नास-साठ हजार डॉलर व आयुष्याची दोन-तीन वर्षे पणाला लागतात. मी न्यू जर्सीतील एका रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका आहे. महाराष्ट्रातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन येथे आले आणि याच मार्गाने या व्यवसायात शिरले. लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या, हाती बीएस्सी, बीई किंवा बीफार्मची पदवी असलेल्या मराठी मुली मला याविषयी विचारत असतात. त्यांचे आईवडीलही पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून फोन करतात. त्यांना जे सांगते तेच येथे लिहीत आहे.

हा अभ्यासक्रम काही आजचा नाही. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ साली तो सुरू केला आणि आता तो अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र उपलब्ध आहे. ज्याच्याकडे आधीच एक पदवी आहे त्याला भाषा, इतिहास, समाजशास्त्र असे सामान्य विषय पुन्हा शिकवायचे नाहीत, उन्हाळ्याची सुट्टी द्यायची नाही आणि केवळ नर्सिंगचे विषय सलग शिकवायचे, एवढीच त्यातील युक्ती. त्यामुळे चार वर्षांची बीएसएन (बॅचलर ऑफ सायन्स इन नर्सिंग) पदवी साधारण अकरा ते अठरा महिन्यांत पूर्ण होते. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास मात्र कमी होत नाहीत. शल्य व औषधोपचार विभाग, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सार्वजनिक आरोग्य हे सारे त्यात असतेच, फक्त एका विभागातून दुसऱ्यात जाताना श्वास घ्यायला मिळणारा वेळ नाहीसा होतो. म्हणूनच बहुतेक विद्यापीठे या काळात नोकरी करू नका, असे स्पष्टपणे सुचवतात.

माझा मुख्य मुद्दा असा की हे अकरा ते अठरा महिने प्रवेश मिळाल्यानंतरचे आहेत. प्रवेशासाठी जे पूर्वविषय लागतात, ज्यांना येथे सगळेच ‘प्रीरिक्विझिट’ म्हणतात, ते त्यात धरलेले नसतात. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, आहारशास्त्र आणि मानवी विकासाचे मानसशास्त्र ही साधारण यादी असते. विद्यापीठागणिक तिच्यात फरक पडतो. शरीररचनेचा पहिला भाग उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, त्यामुळे कितीही घाई केली तरी दोन सत्रे जातातच. शिवाय अनेक विद्यापीठे पाच, सात किंवा दहा वर्षांपूर्वी शिकलेले विज्ञानविषय ग्राह्य धरत नाहीत. २०१२ साली सूक्ष्मजीवशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवलेल्या मुलीला तोच विषय पुन्हा प्रारंभापासून शिकावा लागतो, तेव्हा तिला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. बीफार्म झालेल्यांनी शरीररचना शिकलेली असते, पण त्यांनाही हीच कालमर्यादा आड येते. हे विषय कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयात), उदाहरणार्थ आमच्या एडिसन गावच्या मिडलसेक्स कॉलेजसारख्या संस्थेत, विद्यापीठापेक्षा बऱ्याच कमी शुल्कात पूर्ण करता येतात. मात्र ऑनलाइन प्रयोगशाळा चालेल का, हे ज्या विद्यापीठात अर्ज करायचा आहे तेथून लेखी विचारून घ्यावे, कारण सगळीकडे ती चालत नाही.

त्याआधी भारतातील पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांसारख्या संस्था प्रत्येक विषयाचे गुण अमेरिकी पद्धतीत मांडून देतात आणि विद्यापीठे बहुधा हाच विषयवार अहवाल मागतात. यात आपल्याकडील तीन वर्षांच्या बीएस्सी, बीकॉम, बीए पदव्यांचा प्रश्न उभा राहतो. काही विद्यापीठे त्या अमेरिकी पदवीच्या तोडीच्या मानतात, काही मानत नाहीत. अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीला ही अडचण येत नाही. तेव्हा पूर्वविषयांवर पैसे खर्च करण्यापूर्वी आपली पदवी तेथे चालते की नाही, याचा निकाल लावून घेणे शहाणपणाचे आहे. पुढे नर्सिंगकॅस या सामायिक प्रणालीतून किंवा थेट विद्यापीठाकडे अर्ज, टीस किंवा हेसी या प्रवेशपरीक्षांपैकी एक, शिफारसपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा हे टप्पे असतात. टीसमध्ये २०९ मिनिटांत १७० प्रश्न सोडवायचे असतात. प्रश्न अवघड नसतात, पण गणित बाजूला पडलेल्या आणि वाचनाची सवय सुटलेल्या व्यक्तीला सराव लागतो. हे सारे जमेस धरले की जाहिरातीतील एक वर्ष प्रत्यक्षात दोन ते अडीच वर्षांचे होते. हा काळ जास्त आहे असे मी म्हणत नाही. नव्या व्यवसायासाठी तो मला योग्यच वाटतो. परंतु घरच्यांना पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा हाच असला पाहिजे.

कोणते विद्यापीठ निवडावे, या प्रश्नावर नाव, इमारत आणि कालावधी यांचीच चर्चा होते. मी सर्वप्रथम तीन गोष्टी पाहायला सांगते. त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आहे का? सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या नर्सिंग शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांपैकी एखादीचे अधिस्वीकरण आहे का? आणि तेथील पदवीधरांपैकी किती जण एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होतात? यातला तिसरा आकडा अनेक राज्यांची मंडळे दरवर्षी संस्थानिहाय जाहीर करतात. कॅलिफोर्नियात हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आणि टेक्सासमध्ये ८० टक्क्यांच्या खाली गेले की संस्थेला जाब द्यावा लागतो. एकाच वर्षाचा आकडा फसवा असू शकतो, म्हणून लागोपाठची तीन-चार वर्षे पाहावीत. आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले हेही विचारावे, कारण कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वीच गाळले तर उत्तीर्णांचे प्रमाण आपोआप चांगले दिसते. एनक्लेक्स संगणकावर होते, उत्तरे जशी येतील तसे पुढचे प्रश्न बदलतात, आणि किमान ८५ ते कमाल १५० प्रश्नांमध्ये निर्णय होतो. एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णाचे संपूर्ण प्रकरण देऊन निर्णयक्षमता तपासणारे प्रश्न आले आहेत, त्यामुळे पाठांतरावर भागत नाही.

मान्यतेबाबत मी एवढा आग्रह का धरते, याचे कारण २०२३ च्या जानेवारीत सर्वांसमोर आले. फ्लोरिडातील तीन नर्सिंग संस्थांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका व गुणपत्रके विकली गेल्याचे अमेरिकी तपास यंत्रणांनी उघड केले आणि पंचवीस जणांवर आरोप ठेवले. ‘लवकर होईल, फार अभ्यास नाही’ असे कोणी सांगू लागले की मला ते प्रकरण आठवते. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या हाताला खरेच शिकवले गेले होते की नाही, हा त्यातला प्रश्न होता.

दुसरी बारकाईने पाहायची गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा. अलीकडे अनेक विद्यापीठे सिद्धान्ताचे तास ऑनलाइन घेतात आणि प्रयोगशाळा एखाद्या कार्यालयीन इमारतीत चालवतात. त्यात गैर काही नाही, पण रुग्णालय कोणते, घरापासून किती दूर, आणि ती जागा मिळवून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची की विद्यार्थ्याची, हे प्रवेशापूर्वी लेखी घ्यावे. सकाळी पावणेसातला वॉर्डात हजर राहायचे असेल आणि रुग्णालय दीड तासावर असेल, तर लहान मुले असलेल्या आईचे सारे गणित कोलमडते.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे, म्हणजे व्हिसाकडे येते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर पूर्णवेळ शिकता येते, परंतु वर्क परमिट नसेल तर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून एच-४ धारकांना वर्क परमिट मिळू लागले, पण ते प्रामुख्याने ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची आय-१४० याचिका मंजूर झाली आहे त्यांनाच. ज्यांची झालेली नाही, त्यांच्या हाती पदवी आणि उत्तीर्ण परीक्षा असूनही नोकरी नसते. काही राज्यांत परवान्याच्या अर्जालाच सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो आणि तोही त्यांच्याजवळ नसतो. दुसरा पर्याय एफ-१ विद्यार्थी व्हिसाचा. त्यात शिक्षणानंतर बारा महिने काम करता येते. मात्र संगणक किंवा अभियांत्रिकीच्या पदवीला मिळणारी आणखी चोवीस महिन्यांची वाढ नर्सिंगला मिळत नाही. त्या बारा महिन्यांतही बेकार राहण्याची मुभा एकूण नव्वद दिवसांचीच, आणि परीक्षेची तयारी, निकाल व परवाना यांतच त्यातले बरेच दिवस निघून जातात. एफ-१ वर एका सत्रात पूर्णवेळ अभ्यासासाठी एकच ऑनलाइन विषय धरला जातो, म्हणून वर सांगितलेले अर्धे ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांना बहुधा बंदच असतात. सर्वसाधारण वॉर्डातील परिचारिकेच्या पदासाठी एच-१बी मिळणे कठीण, कारण त्या पदाला पदवी ही किमान अट आहे, असे सरकार सहसा मानत नाही. नर्सिंगला ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत श्रम खात्याच्या एका टप्प्यातून सूट आहे, हे खरे. पण भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की ती सूट लगेच कामी येत नाही. त्यामुळे पतीची आय-१४० कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न विद्यापीठाच्या नावाआधी विचारावा, असे मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते.

पैशांचा विचारही व्हिसाला जोडलेलाच आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शिक्षणकर्जे तेथील नागरिकांना व ग्रीन कार्डधारकांना मिळतात, एच-४ किंवा एफ-१ वर मिळत नाहीत. आणि दुसऱ्या पदवीसाठी पेल अनुदान (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) तर नागरिकांनाही मिळत नाही. खासगी विद्यापीठाचे शुल्क झेपणारे नसेल तर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची नर्सिंग पदवी घेऊन तीच एनक्लेक्स देता येते आणि नोकरी करता करता बीएसएन पूर्ण करता येते. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला, की नव्या परिचारिकांनी परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत पदवी पूर्ण करावी. म्हणजे हा मार्ग कमी दर्जाचा मानलेला नाही. ज्यांना घाई नाही, त्यांच्यासाठी मला तोच अधिक योग्य वाटतो.

आईवडिलांना एक विनंती. तुम्ही मुलीला मदत करायला येता तेव्हा पर्यटक व्हिसावर साधारणपणे एका वेळी सहा महिने राहता येते. पूर्वविषयांच्या काळात, जेव्हा वर्ग आठवड्यातून दोन-तीनदा असतात, तेव्हाच दोन्हीकडचे आजीआजोबा येऊन गेले तर पुढे रुग्णालयातील सत्रांत घर सांभाळायला कोणी उरत नाही. माहेर आणि सासर यांनी बोलून आपापल्या फेऱ्या त्या सत्रांसाठी राखून ठेवाव्यात. तसेच, ‘इंजिनिअर झालेल्या मुलीने नर्स का व्हायचे’ हा प्रश्न तिला विचारू नये. ती हा निर्णय पूर्ण विचाराने घेत असते, आणि या देशात परिचारिकेच्या निर्णयावर रुग्णाचे प्राण किती अवलंबून असतात हे मी रोज पाहते.

ज्यांनी महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग केले आहे, त्यांनी मात्र या अभ्यासक्रमाच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या शिक्षणाची स्वतंत्र पडताळणी होते, एनक्लेक्सची केंद्रे भारतातही आहेत, आणि पुन्हा पदवी घेण्यात त्यांचा पैसा व्यर्थ जातो. अमेरिकेतल्यासारखी दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठीची वेगवान वाट आपल्याकडे नाही. तेथे बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे पहिल्यापासूनच द्यावी लागतात.

जी मुलगी अजून महाराष्ट्रात आहे आणि लग्नानंतर किंवा शिक्षणासाठी इकडे येणार आहे, तिने निघण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले, विद्यापीठाकडून सर्व वर्षांच्या ट्रान्सक्रिप्टच्या मोहोरबंद प्रती आणि शक्य असेल तेथे विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम घेऊन ठेवावा. मूल्यमापन संस्थेला ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच यावे लागते, म्हणून अर्ज कोणत्या खिडकीवर करायचा आणि घरातील कोण त्याचा पाठपुरावा करील, हेही ठरवून यावे. दुसरे, लसीकरणाच्या नोंदी जमवाव्यात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचा पुरावा मिळाल्याशिवाय रुग्णालय विद्यार्थ्याला वॉर्डात पाऊल ठेवू देत नाही. जन्मताच बीसीजी टोचलेले असल्यामुळे आपल्याकडील अनेकांची क्षयरोगाची त्वचाचाचणी येथे होकारार्थी येते आणि नाहक धावपळ होते. अशा वेळी रक्ताची चाचणी करून मागावी, ती बीसीजीमुळे चुकत नाही.

आपण पुढच्या वेळी या विषयावर माहिती छापाल, तेव्हा अभ्यासक्रमाच्या कालावधीशेजारी पूर्वविषयांचा काळ आणि व्हिसाची अट यांचाही उल्लेख करावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका व नियमित वाचक
एडिसन, न्यू जर्सी