फरदड मोडतो, आधी बियाणं द्या

मा. कृषिमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटा, फरदड, म्हणजे हंगामानंतरही तीच झाडं राखून काढलेलं पीक, घेऊ नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बरोबरच सांगतो. उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढच्या हंगामात पुन्हा गाठते. हे कळत असूनही गेल्या जानेवारीत माझी पऱ्हाटी उभी होती. का, ते सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यात माझं चार एकर कोरडवाहू वावर आहे. जूनमध्ये सरकी टोबली, मग पावसाने ओढ दिली. नांगे पडले, म्हणजे जागोजागी बी उगवलंच नाही. पुन्हा बियाण्याचं पाकीट आणून ते भरले, पण ती झाडं मागंच राहिली. एकाच तासात (ओळीत) एक झाड बोंडावर, शेजारचं अजून पात्यावर, म्हणजे कळीवर. पहिला वेचा ओला होता. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांवर ओलावा चालत नाही, घरात वाळवायला जागा नाही, उधारीवाला थांबत नाही. व्यापारी म्हणेल त्या भावात दिला. दुसरा वेचा मजुरीत गेला. घरात यायचे पैसे झाडावरच होते, आणि विहिरीत हरभऱ्यापुरतंही पाणी नव्हतं. पऱ्हाटी उपटून तिथे पेरणार काय?

शेवटची हिरवी बोंडं फोडून पाहिली. सरकी पोखरलेली, रुई पिवळी, कवडी झालेली. बोंडअळीला रोखणारं बीजी-२ हे बीटी बियाणं २००६ मध्ये आलं, पण ही अळी आता त्याला दाद देत नाही. फवारणीचं म्हणाल, तर २०१७ मध्ये याच जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून बायको मला पंप उचलू देत नाही.

आम्ही आमच्या परीने जुळवून घेतोच. कापसाच्या काही तासांमागे तुरीचं एक तास असतं, म्हणजे कापूस बुडाला तरी तूर हाती लागते. खताचा दुसरा हप्ता ओल आणि खिसा पाहून देतो. पण पाकिटात सहा महिन्यांचं वाण असेल आणि नांगे उशिरा भरले असतील तर पीक डिसेंबरात कसं संपवायचं?

साहेब, हलक्या जमिनीत दाट लावता येईल, दोन वेच्यांत मोकळं होईल असं कमी दिवसांचं सरळ (संकरित नसलेलं) वाण द्या. त्याची सरकी घरी राखता येते, नांगे भरायला पाकीट विकत आणावं लागत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशा दाट, म्हणजे सघन लागवडीवर काम केलेलं आहे. महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळामार्फत ते बियाणं मेअखेर तालुक्याला पोहोचू द्या, आणि गावात कापूस वाळवायला एक पक्का ओटा बांधून द्या.

एवढं झालं तर डिसेंबरअखेर माझं वावर मोकळं असेल. शब्द देतो.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी