लाल दिसली म्हणून दृढ ऊती?

नागपूर, रविवार

प्रिय दिलीप,

बरेच दिवस पत्र नाही, रागावला असशील. तब्येत ठीक. आईचा गुडघा तसाच.

लिहायला बसलो, कारण हे तुलाच कळेल. प्रात्यक्षिकात अर्ध्या वर्गाने कोथिंबिरीच्या देठाच्या छेदाला ‘दृढ ऊती’ (लिग्निन या कडक द्रव्याने भिंती जाड झालेल्या पेशी) लिहिलं. का, तर लाल दिसली! सॅफ्रनीनचा लाल रंग टाकला आणि न धुताच कव्हर स्लिप ठेवली. मग सगळंच लाल होणार ना बे! छेद पाण्यात दोन-तीनदा नीट धुतला, की लिग्निनच्या भिंती तेवढ्या लाल राहतात, बाकीचं फिकट होतं. या देठात लिग्निन मुख्यतः जलवाहिन्यांत. बाहेरच्या उंचवट्यांखाली असते ती स्थूलकोन ऊती: पेशी जिवंत, भिंत कोपऱ्यांतच जाड, तीही लिग्निनची नव्हे, सेल्युलोज-पेक्टिनची. म्हणून तर देठ वाकतो, मोडत नाही.

दृढ ऊती दाखवायची तर गोकुळपेठेतून पेरू आणावा. गरातला रवाळ कण सुईने उचलायचा, स्लाइडवर दाबून पसरायचा, मग रंग. तो कण म्हणजे दगडपेशींचा पुंजका. भिंत इतकी जाड, की आत पोकळी नावालाच. भिंतीतून जाणाऱ्या बारीक नळ्यासुद्धा दिसतात. दाताखाली कचकचतं ते हेच. नारळाच्या काथ्यात हीच ऊती लांब धाग्यांची.

तू म्हणशील, तयार स्लाइड दाखव. आपलं जुनंच भांडण! मला अजून पटत नाही. त्यातला लाल-हिरवा रंगच पोरं पाठ करतात, भिंत बघतच नाहीत.

प्राण्यांच्या ऊतींचं दुखणं वेगळं. गालाच्या आतलं अस्तर, म्हणजे अभिस्तर, जाड पसरवलं, की पेशी एकमेकींवर चढतात. मिथिलीन ब्लू टाकूनही केंद्रक सापडत नाही. उकडलेल्या चिकनचा बारीक धागा दोन सुयांनी विंचरला, तर आडवे पट्टे छान दिसतात. पण स्नायू हाडाला बांधणारी पांढरी चिवट दोरी, स्नायुरज्जू, तिला पोरं हमखास स्नायू ऊती म्हणतात. ती संयोजी, म्हणजे जोडणारी ऊती. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कास्थी (कूर्चा) हीही त्याच घरातली.

वहिनींची बदली झाली का? छोटीला दहावीसाठी शुभेच्छा.

दिवाळीत येशील तेव्हा तुझ्याकडचं फ्लोरोग्लुसिनॉल घेऊन ये. त्याने लिग्निनच लाल होतं, देठाचा वाद जागीच मिटेल. सोबत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, तेव्हा थेंब मीच टाकीन, पोरांच्या हाती देणार नाही.

तुझा,
विलास